तटबंदीच्या आतील चिमण्या

संकटाचा काळ एकाच वाटेने येत नाही. कोणाच्या घरी तो दीर्घ आजाराच्या रूपाने येतो, कोणाच्या घरी कर्त्या माणसाच्या वियोगाने, तर कोणाच्या घरी सलग दोन वर्षे न पडलेल्या पावसाने. अशा दिवसांत मनुष्याला पहिली शंका येते ती आनंदाविषयीच. घरात दुःख असताना सकाळच्या चहाची चव लागावी, अंगणातल्या जाईला कळी आलेली पाहून बरे वाटावे, हे योग्य आहे काय? की तो दुःखाशी केलेला द्रोह होय? पुष्कळ सुशील माणसे या शंकेपोटी आपल्या वाट्याचा उरलासुरला आनंदही दूर लोटतात, आणि मग दुःख सोसण्याचे बळच त्यांच्यापाशी उरत नाही.

या शंकेचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने काही काळ अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात मनाने जाऊन यावे. २०२४ साली या नगराचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु आपली कथा ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची आहे.

बारा बंदिवान

१९४२ च्या ऑगस्टची ९ तारीख. आदल्या रात्री मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला होता. पहाटेच काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना आगगाडीने अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, पट्टाभि सीतारामय्या, आपले शंकरराव देव असे बारा जण तेथे एकत्र राहिले. कोणी उत्तरेचा, कोणी आंध्रचा, कोणी बंगालचा, कोणी ओरिसाचा. भाषा निराळ्या, जेवणाच्या सवयी निराळ्या, उपासनेच्या रीतीही निराळ्या. त्यांना कोठे ठेवले आहे हे आरंभी देशाला कळू दिलेले नव्हते. वृत्तपत्र नाही, घरचे पत्र नाही, आणि सुटकेची तिथी कोणालाच ठाऊक नाही.

ज्या किल्ल्यात १५९५-९६ साली चाँदबिबीने मोगलांच्या वेढ्याला तोंड दिले, त्याच खंदकाच्या आत या मंडळींनी आपापला दिवस उभा करावयास आरंभ केला. नेहरूंनी कुदळ हाती घेतली. अंगणातील माती अत्यंत निकृष्ट होती. दगडगोटे आणि जुन्या बांधकामांचे अवशेष तिच्यात पुरलेले होते. उन्हातान्हात तासन्‌तास खणून त्यांनी तेथे फुलांचे वाफे तयार केले. आकाशातील चंद्र हा त्यांचा तुरुंगातील जुना सोबती. त्याच्या वाढण्या-घटण्यावरून ते महिने मोजीत. पुढे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी येथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि तो या किल्ल्यातील सहबंद्यांनाच अर्पण केला.

पहाटेचा चहा

परंतु आपल्याला आज पाहावयाचे आहे ते मौलाना अबुल कलाम आझादांकडे. ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. वय चोपन्नच्या आसपास. धर्मशास्त्राचा गाढ व्यासंग, आणि सौंदर्याची दृष्टी त्याहून कमी नाही. किल्ल्यात आल्यावर त्यांनी आपल्या एका स्नेह्याला उद्देशून उर्दूत पत्रे लिहावयास आरंभ केला. ती टपालात पडणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते लिहीत राहिले. १९४६ साली ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपाने निघाली, आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

या पत्रांत राजकारण जवळजवळ नाही. आहे तो पहाटेचा चहा! मौलाना भल्या पहाटे, सारा किल्ला निद्रिस्त असता उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करीत. तो चहा म्हणजे चमेलीचा गंध असलेला चिनी चहा. दूध घातलेल्या पेयाला ते चहा म्हणावयासच तयार नसत, हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. पण त्यांच्या आवडीशी आपले मत जुळावे असे मुळीच नाही. महत्त्वाचे हे की, सारे काही हिरावले गेल्यावरही दिवसातला एक प्रहर त्यांनी आपला राखला होता. त्या प्रहरी ते कोणाचे बंदिवान नव्हते.

त्यांचा विचार थोडक्यात असा. सूर्य तुरुंगावरही उगवतो. चांदणे बंदी आणि मुक्त असा भेद करीत नाही. आनंदाचे साहित्य बाहेर शोधू गेले तर ते अटकेबरोबर संपते. मनाच्या आत शोधले तर पहारेकऱ्याचा हात तेथवर पोहोचत नाही. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे प्रसन्न राहणे ही केवळ स्वतःची गरज नव्हे, तर ती इतरांप्रतीची जबाबदारीही आहे. कारण एका माणसाचे औदासीन्य संसर्गासारखे शेजाऱ्याला लागते. बारा माणसे एका अंगणात वर्षानुवर्षे कोंडलेली असता या विचाराचे मोल किती, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावयास नको.

चिमण्यांशी तह

मौलानांच्या खोलीच्या छताला चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या-कचरा अंथरुणावर पडे. प्रथम मौलानांनी युद्ध पुकारले. छत्री उगारली, मग लांब बांबू आणविला. चिमण्या उडून जात आणि पुन्हा येत. अखेर मौलानांनी शस्त्र खाली ठेवले. ज्यांना घालवता येत नाही, त्यांच्याशी मैत्री का करू नये? त्यांनी तांदळाचे दाणे प्रथम दूर, मग जवळ, मग आणखी जवळ ठेवले. स्वतः हालचाल न करता बसून राहिले. हळूहळू भीती सरली. चिमण्या बैठकीवर येऊन बसू लागल्या, हातचे दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना टोपणनावेही दिली. घरट्यातले एक दुबळे पिल्लू डोळे मिटून पडून राही. आई चोचीने त्याला पुनःपुन्हा उठवू पाही, पण ते उठेना. आणि एके दिवशी, आपल्याला पंख आहेत हे जणू त्याला आतूनच उमगले, आणि ते उडाले. शरीर तेच, पंख तेच; बदलले ते केवळ स्वतःविषयीचे भान. मौलानांनी या एवढ्याशा घटनेत माणसाच्या आत्मजागृतीचा अर्थ पाहिला.

या चिमण्यांची पत्रे १९४३ च्या मार्चमधील आहेत. त्यानंतर अवघ्या काही दिवसांतच त्यांच्यावर खरा आघात व्हावयाचा होता.

शांततेची खरी किंमत

मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास होत्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला निघाले तेव्हा त्या दारापर्यंत निरोप द्यावयास आल्या होत्या. ‘खुदा हाफिज’ यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. मार्चच्या अखेरीस त्यांच्या आजाराने गंभीर रूप धारण केल्याची वार्ता किल्ल्यात आली. सरकारला काही विनंती करावयाची असेल तर ती पोहोचविण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दर्शविली. मौलानांनी नकार दिला. ज्या सत्तेविरुद्ध लढा पुकारला तिच्यापुढे स्वतःसाठी हात पसरणे त्यांना मान्य नव्हते. ९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगम निवर्तल्या. छत्तीस वर्षांचा संसार होता.

त्या दिवसांतही मौलानांनी आपला दिनक्रम मोडला नाही. ठरल्या वेळी ते जेवणास येत, ठरल्या वेळी वाचीत, लिहीत. सोबत्यांना वाटले असेल की, यांचे मन पाषाणाचे आहे. परंतु पत्रात त्यांनी निखळ सत्य सांगून टाकले. ही शांतता वरवरची होती. ती टिकविण्यासाठी शरीर आणि मन दोन्ही झिजत होती. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनामिक कबर होती. ती पूर्वीही त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. आता मात्र तिच्याकडे पाहताना तिच्याशी काही नाते जडल्यासारखे त्यांना वाटू लागले.

आपल्या आरंभीच्या शंकेचे उत्तर येथे मिळते. पहाटेच्या चहाने आणि चिमण्यांनी मौलानांचे दुःख टळले नाही, कमीही झाले नाही. रोजच्या लहान आनंदाचे ते कामच नव्हे. दुःख कोसळते तेव्हा उभे राहावयास पायाखाली जमीन असावी लागते. ती जमीन या लहानसहान नित्यनेमांनी अगोदरच तयार झालेली असते. आणि असे उभे राहणारा मनुष्य आतून रडत नसतो, असेही समजू नये.

जात्यापाशीचे मन

‘ही थोरांची गोष्ट झाली,’ असे कोणी गृहिणी म्हणेल, ‘आम्हाला ना ग्रंथ लिहावयाचे, ना पहाट मोकळी. आमच्या मागे चूल आणि मुले.’ आक्षेप खरा आहे. म्हणून किल्ल्यातून निघून खानदेशातील एका शेतकऱ्याच्या घरी जाऊ. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा. अक्षर-ओळख नाही. वयाच्या तिशीत वैधव्य आले. पदरी मुले, मागे शेतीची कामे. दुःख करीत बसण्यास सवड नव्हती, आणि दुःख विसरावे इतके ते लहानही नव्हते. दळताना, शेतात राबताना, आपल्या बोलीत त्या गाणी रचीत गेल्या. पेरणी, पाखरे, जाते, माहेर, माणसाचे ओढाळ मन, आणि आपले वैधव्यही त्या गाण्यांत आले. मुलाने आणि आप्ताने त्यांतली काही टिपून ठेवली म्हणून ती वाचली. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह निघाला आणि महाराष्ट्राला आपल्याच घरातल्या एका थोर कवयित्रीची ओळख पटली.

मौलानांनी वेळ राखून ठेवला. बहिणाबाईंना तो राखता येण्याजोगा नव्हता, म्हणून त्यांनी कामातच तो शोधला. जात्याचा दांडा हातात आणि गाणे ओठांवर. देव्हाऱ्यापुढे बसावयास निवांतपणा मिळाला नाही तरी देवाशी बोलणे थांबत नाही, हे आपल्या आजी-पणजींनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या गाऊन सिद्ध केले आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी आज कठीण दिवस आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. दिवसातील एक लहानशी गोष्ट आपली म्हणून राखावी. ती तुळशीला पाणी घालणे असो, नमाज असो, दोन अभंग असोत, की खिडकीत पाखरांसाठी मूठभर दाणे टाकणे असो. ती रोज, न चुकता, दुःखाच्या दिवशीही करावी. मुलांना तीत सहभागी करून घ्यावे. आणि घरातील कोणी हसले तर ते दुःख विसरले असे मानून मनात राग धरू नये.

१९४५ च्या जूनमध्ये मौलाना सुटले आणि कलकत्त्यास परतले. स्वागताला अलोट गर्दी जमली होती. त्यांची मोटार पुष्पहारांनी भरून गेली होती. वाटेत दारापर्यंत निरोप देणारी मूर्ती त्यांना आठवली. त्यांनी गाडी वळवावयास सांगितले. स्वागतासाठी आलेल्या हारांतील एक हार त्यांनी पत्नीच्या कबरीवर ठेवला, मूकपणे फातिहा म्हटला, आणि मग ते घरी गेले.