पाणी शिरलं की साहेब कोण?

जुलै 2023 मध्ये एका सकाळी अनेकांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? कुणी क्लासमध्ये होतं, कुणी लोकलच्या दारात. स्क्रीनवर आणीबाणीचा इशारा, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ही चाचणी आहे. आपण काय केलं? स्क्रीनशॉट काढला, स्टेटसला टाकला, विसरून गेलो.

त्या आवाजामागच्या सगळ्या यंत्रणेला आधार आहे तो आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चा. नाव ऐकूनच जांभई येते, मान्य. पण या कायद्याखाली तुम्ही प्रत्यक्ष जगलेले आहात. 24 मार्च 2020 ला देशभर लॉकडाउन लागला, त्याचा केंद्राचा आदेश याच कायद्याखाली निघाला. तुमची शाळा मोबाइलमध्ये शिरली, ताई-दादाचा दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, सगळं त्याच दिवसांतलं.

कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र साथ नव्हती, पाणी होतं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली. मे 2005 मध्ये विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं आणि ते मंजूर व्हायच्या आतच आपल्याकडे 26 जुलै उजाडला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस! तुमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. घरी विचारा. ट्रॅकवरून चालत कोण आलं, ऑफिसातच कोण झोपलं, याची एखादी तरी गोष्ट निघेलच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला.

त्यातली रचना समजायला सोपी आहे. देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. 2006 पासून एनडीआरएफ आहे, तीही याच कायद्यातून आलेली. आपला जिल्हा ठाणे, म्हणजे आपले अध्यक्ष ठाण्याचे कलेक्टर. आणि सहअध्यक्ष कोण? जिल्हा परिषदेचे अध्यक्ष.

इथे जरा थांबा. मीरा-भाईंदरचा माणूस जिल्हा परिषदेला मतच देत नाही. ती ग्रामीण भागाची. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, आणि त्या सहाही शहरांतल्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस या सहअध्यक्षाच्या खुर्चीत बसत नाही. महापालिकेला मूळ कायद्यात मिळालंय ते कलम 41: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, साधनं तयार ठेवा, मदतकार्य करा, आणि हे सगळं जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार. थोडक्यात, राबायचं महापालिकेने आणि ठरवायचं ठाण्याने.

आता आपलं शहर बघा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर आणि मधे मिठागरं आणि भातशेती बुजवून चढत गेलेल्या इमारती. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट खाडीच नाल्यातून वर येते. पाणी कुठल्या गल्लीत आधी भरतं हे तिथल्या वॉचमनला पाठ असतं. ठाण्याच्या ऑफिसात बसून ते कसं कळणार? (तिथून इथे यायचं तर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आहेच.)

ही अडचण दिल्लीलाही कळली, उशिरा का होईना. कायद्यात 2025 साली दुरुस्ती झाली आणि 9 एप्रिल 2025 पासून ती लागू आहे. राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरं, दिल्ली आणि चंडीगड सोडून, यांच्यासाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे खुर्च्यांची चक्क अदलाबदल! फक्त एक शब्द नीट वाचा: राज्य सरकार असं प्राधिकरण स्थापन 'करू शकेल'. 'केलंच पाहिजे' असं कायदा म्हणत नाही. आणि या नव्या रचनेतही दोन्ही खुर्च्यांवर अधिकारीच आहेत. नगरसेवक तुमच्या मतावर निवडून येतो, पण पाण्याच्या रात्री निर्णय त्याच्या हातात नाही.

याच दुरुस्तीने एक गोष्ट काढूनही घेतली. मूळ कायद्यात कलम 13 होतं: मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांना कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकत होतं. वायनाडच्या दरडग्रस्तांच्या कर्जांचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात चालू असतानाच हे कलम गेलं. मला हे खटकतं. ज्याचं दुकान वाहून गेलं त्याचा हप्ता वाहून जात नाही.

कोण साहेब, हा प्रश्न फक्त कागदावरचा नाही. वर्सोवा पुलाने खाडी ओलांडली की ससूनवघर लागतं. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला पाणी आणणाऱ्या सूर्या योजनेचं काम तिथे चालू होतं. 29 मे 2024 च्या रात्री शाफ्टच्या खोदकामात भिंत आणि माती कोसळली आणि पोकलेन चालवणारा एक माणूस मशीनसकट गाडला गेला. योजना एमएमआरडीएची, जागा पालघर जिल्ह्यातली, पाणी यायचं ठाणे जिल्ह्यातल्या नळांनाही, आणि पोलीस आयुक्तालय खाडीच्या दोन्ही काठांना एकच. एनडीआरएफ आली. पुढे लष्कर, नौदल, तटरक्षक दल आणि व्हीजेटीआयचे तज्ज्ञही आले. शोध दिवसांवरून आठवड्यांवर गेला. एका माणसासाठी देशातली सगळी दलं येऊ शकतात, हे तिथे दिसलं. पण ती येतात माती कोसळल्यानंतर. त्या खड्ड्याच्या काठाची काळजी आदल्या दिवशी कुणी घ्यायची होती? कायद्याच्या व्याख्येत आपत्ती निष्काळजीपणातूनही येते हे लिहिलेलं आहे. मात्र तिने जीवित वा मालमत्तेची मोठी हानी व्हावी लागते आणि ती तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेरची असावी लागते. मोठी म्हणजे किती, हा आकडा व्याख्येत नाही.

यंत्रणा जुळली की काय होतं, तेही आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली. हजाराच्या वर प्रवासी, त्यात गरोदर बायका. रेल्वे, जिल्हा प्रशासन, एनडीआरएफ, नौदल, सगळे पोचले आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. मदतीला आजूबाजूच्या गावातली माणसंही धावली होती.

तुमच्याशी या कायद्याचा थेट संबंध कुठे येतो? एक तर फॉरवर्डमध्ये. आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवली तर कलम 54 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. 'एका मित्राने पाठवलं म्हणून मी पाठवलं' हे पोलीस चौकीत फारसं चालत नाही. दुसरं म्हणजे, वेळ आली तर तुमच्या कॉलेजचा हॉल किंवा सोसायटीतल्या कुणाची गाडी सरकार ताब्यात घेऊ शकतं, आणि त्याचा मोबदला द्यावा लागतो. आणि घर सोडावं लागलं तर निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष ठरलेले असावेत, ही कायद्याचीच अट आहे. मदत वाटताना जात, धर्म, लिंग बघता येत नाही, तेही कलम 61 मध्ये स्पष्ट लिहिलंय. छावणीत रांगेत उभं राहावं लागलं तर ही कलमं माहीत असलेली बरी.

एनएसएस किंवा एनसीसीत असाल तर सरांना 'युवा आपदा मित्र' योजनेबद्दल विचारा. ती तुमच्यासारख्यांना प्रशिक्षण देण्यासाठीच आहे. फोनमध्ये 112 बरोबर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 सेव्ह करा.

आणि एकदा दुपारी लेक्चर नसेल तेव्हा प्रभाग कार्यालयात जा. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो, हे कलम 31 सांगतं. तेव्हा एकच प्रश्न विचारा: आमच्या गल्लीत पाणी शिरलं तर माणसं कुठल्या शाळेत हलवणार आणि त्या शाळेची चावी कुणाकडे? उत्तर मिळालं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.