कोयनेच्या जिल्ह्यात लाईट का जाते? परदेशातून घरी येणाऱ्यांनी काय तयारी ठेवावी?

अमेरिकेतून महिनाभरासाठी साताऱ्याला किंवा सांगलीला घरी आलात आणि ऐन मीटिंगमध्ये लाईट गेली. १,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण सातारा जिल्ह्यातच, मग इथे अंधार का?

कारण कोयनेची वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते, थेट शेजारच्या गावात नाही. बिघाड बहुतेकदा शेवटच्या टप्प्यात होतो: तारेवर फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो. २०१९ च्या महापुरात तर सांगलीत अनेक ठिकाणी पुरवठाच बंद ठेवावा लागला.

मग काय कराल?

• इन्व्हर्टर: १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीतून साधारण १,२०० वॅट-तास वीज हाती येते. दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून २०० वॅट धरले, तर सहा तास.
• उपकरणं: चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का पाहा. फक्त १२० व्होल्टचा मिक्सर इथल्या २३० व्होल्टवर जळेल.
• फ्रिज: दार बंद ठेवलं तर सुमारे चार तास गार राहतो. आत इन्सुलिन असेल तर उगाच उघडू नका.
• तक्रार: १९१२ वर फोन करा, ग्राहक क्रमांक जवळ ठेवा.

तुम्ही परत जाल, आईबाबा इथेच असतील. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून जा.