पांढऱ्या पाण्यामागचे जिवाणू

मराठीत बाईच्या काही दुखण्यांना नाव नसते, नुसते क्रियापद असते. 'अंगावरून जाते' एवढेच ती म्हणते. काय जाते आणि कुठून, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला श्वेतप्रदर म्हणतात, बोलण्यात धुपणी. गुजरातच्या सीमेला टेकलेल्या तलासरी तालुक्यातल्या अच्छाडपासून थेट पूर्वेच्या गडचिरोलीपर्यंत हे वाक्य आरोग्यसेविकांच्या ओळखीचे आहे. हाडे झिजून त्यांचे पाणी होते, अंगातली ताकद निघून जाते, अशी त्यामागची जुनी समजूत. ताकद जाते की नाही हा पुढचा प्रश्न. मुळात बाई हे कुणाला सांगते का?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर महाराष्ट्रातूनच आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या; तपासल्यावर एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला तो ९२ टक्के स्त्रियांमध्ये. सरासरी दर स्त्रीमागे ३.६ आजार. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, असे मानणाऱ्या धोरणाला हा धक्का होता.

हा संसर्ग होतो कसा, हे कळण्यासाठी आधी निरोगी अवस्था पाहू. योनीमार्ग कधीच निर्जंतुक नसतो आणि नसावाही. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२मध्येच तिथल्या दांड्यासारख्या जिवाणूंचे वर्णन केले होते. आज त्यांना आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याचे तुकडे करून साध्या शर्करा बनवतात आणि लॅक्टोबॅसिलस त्यांपासून दुग्धाम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला सामू ३.५ ते ४.५च्या आसपास राहतो. इतक्या आंबट जागी बहुतेक रोगजंतूंना बस्तान बसवता येत नाही. म्हणूनच पाळीच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होणारा, दुर्गंध नसलेला थोडा स्राव हा आजार नव्हे.

हे आंबटपण टिकले नाही की दुसरी मंडळी वाढतात. गार्डनर आणि ड्यूक्स या अमेरिकी संशोधकांनी १९५५मध्ये त्यातल्या एका जिवाणूवर बोट ठेवले. पुढे त्याला गार्डनेरेला हे नाव मिळाले. त्याच्या जोडीला प्रेव्होटेला आणि इतर अनेक जिवाणू येतात. या अवस्थेला जिवाणूजन्य योनिदोष म्हणू. यात खरे काम करतात ती विकरे. योनीचे आणि गर्भाशयमुखाचे अस्तर एका चिकट श्लेष्म्याने झाकलेले असते. त्यातल्या प्रथिनांच्या साखरसाखळ्यांच्या टोकांना सायलिक आम्ल असते, कुंपणाच्या तारेला काटे असावेत तसे. सायलिडेज नावाचे विकर नेमकी ही टोके छाटते. मग उघड्या पडलेल्या साखळ्या इतर विकरे कुरतडतात आणि दाट श्लेष्मा पातळ होऊन वाहू लागतो. आणखी काही विकरे अमिनो आम्लांपासून पुट्रेसिन, कॅडाव्हेरिन यांसारखी द्रव्ये बनवतात. मासळीसारखा वास येतो तो अशा द्रव्यांमुळे, आणि सामूही त्यांच्यामुळे आणखी चढतो. म्हणजे 'पाणी जाते' ते हाडांचे नसते. ते मोडलेल्या कुंपणाचे असते. गार्डनेरेलाच्या सगळ्याच जातींकडे सायलिडेज नसते. म्हणून नुसता जिवाणू सापडला म्हणजे रोग झाला, असे होत नाही.

कुंपण मोडल्यावर एचआयव्ही आणि क्लॅमिडियासारख्या संसर्गांना वाट सोपी होते. ओटीपोटातल्या दाहाशी आणि दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीशीही या अवस्थेचा संबंध दिसतो. मात्र गर्भारपणी प्रतिजैविके देऊन अकाली प्रसूती टळतेच, असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुण्याने तर उपयोगाचे जिवाणूच जातात. 'स्वच्छता पाळ' हा सल्ला इथे उलटा पडतो.

बुरशी, ट्रायकोमोनास आणि हा योनिदोष ही तिन्ही कारणे बाईच्या तोंडी मात्र एकाच वाक्यात येतात. सामू पाहायची कागदी पट्टी आणि सूक्ष्मदर्शक असेल तर बराच उलगडा होतो. त्यांच्या अभावी सरकारी कार्यक्रमात लक्षणांवरून हिरवे किट देतात: सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. तिन्ही कारणांवर ते बऱ्याच अंशी चालते, पण आतून तपासणी झाली नाही तर गर्भाशयमुखाचे दुखणे नजरेआड राहते.

शिवाय योनिदोष परत येतो. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुन्हा त्रास झाल्याचे ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसले. तिथेच झालेल्या आणि मार्च २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जोडीदार पुरुषालाही गोळ्या आणि मलम दिले. बारा आठवड्यांत पुन्हा त्रास झाला तो ३५ टक्के स्त्रियांना. फक्त बाईवर उपचार झाले त्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. पिढ्यान् पिढ्या जे दुखणे 'बायकांचे' म्हणून गप्प बसवले गेले, त्यात नवऱ्याचाही वाटा असू शकतो, हे आता प्रयोगाने दाखवले आहे.

अच्छाडच्या दृष्टीने याचा अर्थ काय? हे राष्ट्रीय महामार्गावरचे सीमानाक्याचे गाव. आजूबाजूच्या वारली, धोडी पाड्यांतली माणसे मजुरीसाठी वापी-उंबरगावकडे जातात. दवाखान्यासाठी रोज बुडवायचा, तर दुखणे आधी असह्य व्हावे लागते. डहाणूत राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. तिथपर्यंत पोचलेल्या बाईला पडद्याआडची जागा, तपासायला बाई डॉक्टर किंवा नर्स, सामूच्या पट्टीचा एक तुकडा आणि 'नवऱ्यालाही घेऊन ये' हा निरोप मिळायला हवा. आणि त्याआधी, पाड्यावर फिरणाऱ्या आशाताईने 'अंगावरून जाते का?' हे स्वतःहून विचारायला हवे. गडचिरोलीतल्या ४५ टक्के स्त्रियांना काही त्रासच जाणवत नव्हता. तपासल्यावर त्यांच्यातल्याही बहुतेकींना आजार निघाला.