वेबपृष्ठ आणि त्यातील आज्ञावली

रेल्वे स्थानकावरील जुन्या फलकांवर गाडीचे नाव तैलरंगाने कायमचे लिहिलेले असे. ती किती उशिराने येत आहे, एवढेच रोज खडूने भरले जाई. ज्या वेबपृष्ठावरील मजकूर मागणीनुसार बदलतो, त्याची रचनाही अशीच असते. शीर्षके, रकाने, रंग हे सारे एचटीएमएलमध्ये आधीच लिहून ठेवलेले असते. रिकाम्या जागा सर्व्हर नावाचा दूरचा संगणक आयत्या वेळी भरतो. त्या कशा भराव्यात हे सांगणारी आज्ञावली पृष्ठातच लिहावी की निराळ्या फाइलीत, याविषयी आज्ञावलीकारांत बराच वाद झाला आहे.

मायक्रोसॉफ्टने १९९६ साली आणलेल्या एएसपी या तंत्रात आज्ञा पृष्ठातच गुंफल्या जात. कोनी कंस आणि टक्क्याचे चिन्ह यांमधील भाग सर्व्हर स्वतः अमलात आणी व त्याच्या जागी केवळ उत्तर ठेवून पृष्ठ वाचकाकडे धाडी. लहान कामास ही रीत फार सोयीची होती. सर्व काही एका दृष्टिक्षेपात दिसे. ओळ बदलून फाइल जतन केली की पुढल्या मागणीस नवे पृष्ठ मिळे. परंतु पृष्ठ वाढले म्हणजे तक्त्याची ओळ एके ठिकाणी उघडून चाळीस ओळींनंतर मिटे, आणि मांडणी करणाऱ्याचा हात नकळत हिशेबावर पडे.

यास्तव २००२ साली आलेल्या एएसपी डॉट नेटमध्ये आज्ञावलीसाठी दुसरी फाइल ठेवण्याची सोय झाली. तथापि जुनी रीत बंद झाली नाही. ‘सर्व्हरवर चालवावे’ अशी खूण केलेल्या विभागात आज्ञा पृष्ठातच लिहिता येतात. निराळ्या फाइलीमुळे पृष्ठ वेगाने चालते, ही समजूत मात्र चुकीची होय. पृष्ठात लिहिलेल्या आज्ञाही पहिल्या मागणीच्या वेळी संकलित होतात. त्यानंतर वेगात सांगण्याजोगा फरक उरत नाही.

खरा धोका निराळाच आहे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टच्या वेबसर्व्हरमध्ये असा दोष आढळला की, पत्त्याच्या शेवटी एक विशिष्ट जोड लावताच सर्व्हरला ती फाइल आज्ञांची आहे हे ओळखू येईना. फाइल-व्यवस्था मात्र तीच फाइल उघडून देई. परिणामी आज्ञा अमलात येण्याऐवजी जशाच्या तशा परक्याच्या पडद्यावर उमटत. आणि अनेकांनी त्यांतच माहितीसाठ्याचा परवलीचा शब्द लिहून ठेवलेला असे!

आज्ञा दुसऱ्या फाइलीत नेल्याने हा धोका आपोआप टळत नाही. ती फाइलही वेबच्या निर्देशिकेत पडून असेल आणि सर्व्हरला ती नाकारण्याची सूचना नसेल, तर तीही वाचली जाईल. एएसपी डॉट नेट अशा फाइलींची मागणी मुळातच फेटाळते, हे त्याचे मोठे श्रेय. परवलीचा शब्द मात्र दोहोंतही नसावा; तो वेबच्या निर्देशिकेबाहेर, केवळ सर्व्हरला वाचता येईल अशा जागी ठेवावा. एवढी दक्षता घेतल्यावर दहा-वीस ओळींच्या कामासाठी दुसरी फाइल उघडण्याचा खटाटोप कोणी करावयाचा नसेल, तर त्यात काहीच गैर नाही.