गुंतवळ आणि टोप

स्त्रीच्या मस्तकावरील केस हा आपल्या समाजाने कधीच तिचा खासगी विषय राहू दिला नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या मस्तकास वस्तरा लावण्याचे नाकारले. केशवपनाची ती क्रूर चाल कालांतराने लयास गेली, परंतु केशहीन मस्तकाकडे अशुभ म्हणून पाहण्याची दृष्टी घराघरांतून मागे उरली, आणि तिचा जाच आज कर्करोगावरील औषधांनी अथवा चाईने केस गमावलेल्या स्त्रियांना सोसावा लागतो.

चिकित्सेची सोय मात्र या काळात निःसंशय वाढली. १९४१ साली मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, पुढे बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय उभे राहून १९८७ पासून ग्रामीण रुग्णांची नोंदही तेथे ठेवली जाऊ लागली, आणि २०१२ साली आरंभलेल्या व आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेने गोरगरिबांच्या औषधोपचाराचा मोठा भार सरकारी तिजोरीवर घेतला. कर्करोगावरील अनेक औषधांच्या पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस झडू लागतात हे प्रत्येक वैद्यास ठाऊक असते. तरीही केसांच्या टोपाची गणना उपचारांत न होता शृंगारात होते. केशवपनाविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या जोतीरावांचे नाव ज्या योजनेस आहे, तिच्यात ही उणीव राहावी याचे मला मनापासून दुःख होते.

आणि केसांचा तर आपल्याकडे मुळीच तुटवडा नाही. भिगवण-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांतून बायका विंचरताना गळालेली गुंतवळ जपून ठेवतात आणि दारावर येणाऱ्या फेरीवाल्यास देऊन तिच्या मोबदल्यात एखादे भांडे घेतात. तिरुपतीस भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा रीतसर लिलाव होतो. कच्च्या केसांची परदेशी रवानगी इतकी अनिर्बंध झाली की २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारला तिच्यावर निर्बंध घालावे लागले. केस येथून जातात. त्यांचा टोप मात्र या मुलखातील रोगिणीच्या पदरी पडत नाही. मुंबईतील ‘कोप विथ कॅन्सर’सारखे उपक्रम दानात आलेल्या वेण्यांतून टोप करून रुग्णांना देतात, हे कार्य वंद्य आहे, परंतु एका टोपास अनेकींच्या वेण्या लागतात, आणि उजनी धरणाच्या काठावरील भिगवण-इंदापूरहून मुंबई फार दूर पडते.

केस गेल्याचा जाच केवळ कर्करोगाच्या रुग्णांपुरता नाही. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत अल्पावधीत माणसांच्या डोक्यांवरील केस गेले, तेव्हा दिल्लीहून संशोधक धावून आले, आणि रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखविले. कारणांचा शोध अवश्य व्हावा. परंतु त्या गावांतील सोयरिकींवर जे सावट पडले, त्यावर कोणत्याही प्रयोगशाळेत उतारा नव्हता.

स्कॉटलंड व वेल्समध्ये सरकारी आरोग्यसेवा रुग्णास टोप विनामूल्य देते. इंग्लंडात ठरावीक आकार घेते, तोही गरिबांस माफ असतो. आपल्या राज्यासही हे अशक्य नाही. बारामती-इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी महात्मा फुले योजनेतील मंजूर उपचारांच्या यादीत टोपाचा समावेश करण्याची दरखास्त सरकारदरबारी रुजू करावी, आणि ग्रामसभांनी तसे ठराव करून त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.