हलत्या चित्राचा फॉरमॅट कोणी ठरवायचा?

कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांसाठी मी हलती चित्रं बनवते: वेबसाइटवर फिरणारा कोल्हापुरी साज, दुकानातल्या पडद्यावरची नवरात्राची जाहिरात, पाडव्याचे शुभेच्छा स्टिकर. हल्ली हे सगळं ब्राउझरमध्येच होतं. फोटो टाकायचे, हालचाल द्यायची, डाउनलोड दाबायचं. घोडं अडतं ते या शेवटच्या बटणापाशी. कितीतरी ठिकाणी तिथं निवडच नसते. काम कुठलंही असो, हाती जिफच पडते.

जिफ १९८७ सालची. कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने ती तयार केली, तेव्हा फोनच्या तारेवरून चित्र पोचायलाही वेळ लागायचा. म्हणून एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग. लोगोला, अक्षरांना, कार्टूनला तेवढे पुरतात. सोन्याला पुरत नाहीत. साजाच्या एका पानडीवर उजेड पडला की कडेच्या तपकिरीपासून मधल्या पांढऱ्याशुभ्र चमकेपर्यंत असंख्य छटा असतात. जिफ होताना त्या २५६ रंगांत कोंबल्या जातात आणि चमकेच्या जागी पट्टे किंवा रवाळ ठिपके उमटतात. शिवाय जिफमधला ठिपका एक तर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण भरीव. पांढऱ्यावर कापलेला साज मरून रंगावर ठेवला की मण्यांभोवती पांढरट किनार दिसते. एका सराफांनी बघताक्षणी सांगितलं, “ताई, हे पितळ वाटतंय की ओ.” त्यांचं बरोबर होतं.

याला पर्याय आहेत. २००४ मध्ये मोझिलाच्या मंडळींनी मांडलेल्या एपीएनजीत पूर्ण रंग आणि अर्धपारदर्शक कडा मिळतात, पण फाइल जड होते. गूगलच्या वेबपीत हेच बरंच हलकं होतं; व्हॉट्सअॅपचे स्टिकरही वेबपीच लागतात, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे. दुकानाच्या टीव्हीला एमपी४ उत्तम. एअरबीएनबीने २०१७ मध्ये आणलेल्या लॉटीत ठिपके नसून आकारांची गणितं असतात, म्हणून दुकानाचं नाव कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. दागिन्याच्या फोटोला मात्र ती कामाची नाही. व्हॉट्सअॅपवर जिफ म्हणून जे फिरतं, तेही आतून बिनआवाजाचा व्हिडिओच असतं.

म्हणजे सर्वांत चांगला असा एकच फॉरमॅट नाही. चित्र कुठं जाणार, त्यावर सगळं ठरतं, आणि ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून निवड त्याच्याच हाती हवी. फॉरमॅट, सेकंदाला किती फ्रेम, किती वेळा फिरायचं, दर्जा किती, आणि डाउनलोडच्या आधी फाइलचा आकार, एवढं एका चौकटीत दाखवता येतं. नवख्यासाठी एक पर्याय आधीच निवडलेला असू द्या. बाकीचे लपवू नका. ब्राउझरला हे झेपत नाही, असंही आता म्हणता येत नाही. अशी जड कामं ब्राउझरमध्येच वेगानं करू देणारं वेबअसेंब्ली हे तंत्र २०१७ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. त्यामुळे रूपांतर आपल्याच संगणकावर होऊ शकतं, आणि बाजारात न आलेल्या नव्या घडणीचा फोटो परक्या सर्व्हरवर चढवावा लागत नाही.

हक्क बघणाऱ्याचाही आहे. सतत हलणाऱ्या चित्रानं काहींना गरगरतं, वाचताना लक्ष उडतं. वेबच्या सुगम्यतेचे निकष सांगतात की आपोआप सुरू होऊन मजकुराशेजारी पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं चित्र थांबवायची सोय हवी. फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ हे सेटिंग असतं. ते चालू असेल तर वेबसाइटला स्थिर चित्र दाखवता येतं. साजाची माझी प्रत्येक फाइल मी एका स्थिर फोटोसह देते, ती याचसाठी.

याच कोल्हापुरातल्या बाबूराव पेंटर यांनी आपला सिनेकॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आपल्याला कॅमेरा घडवायचा नाही. हाताशी असलेल्या साधनाकडून हवं ते मागायचं आहे. तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरमध्ये अभिप्रायाची जागा शोधा आणि मराठीतच लिहा: कुठला फॉरमॅट हवा, कशासाठी हवा, जिफमध्ये काय बिघडतं. सोबत बिघडलेली फ्रेम जोडा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कारण दिसलं, तर बटणाशेजारी निवडीची जागा होऊ शकते.