मशीन अंगठा घेत नाही, म्हणजे काय?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज रेशनलाही अंगठा लागतो. माझ्या आत्याने आयुष्यभर धुणीभांडी केली. बोटांवरच्या रेषा झिजल्यात. दुकानदार म्हणतो, "आजी, मशीन अंगठा घेत नाही. उद्या या."

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणून सांगतो. 'हीच ती बाई' असं मशीनला कधीच कळत नसतं. एकाच बोटाचे दोन ठसेही हुबेहूब येत नाहीत. बोट ओलं असतं, तिरकं पडतं. मशीन फक्त साम्याला गुण देतं. पास किती गुणांना, हे कुणीतरी माणूस ठरवतो. मर्यादा वाढवली की तोतया अडतो, पण खरा माणूसही अडतो. कमी केली की खरा सुटतो, पण तोतयाही घुसतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत.

शंभरात एक चूक आम्हाला किरकोळ वाटते. पण समजा, दुकानात ५०० कार्डं आहेत. म्हणजे ५ घरं रिकाम्या पिशवीने परत. आणि बघा, दर महिन्याला बहुतेक तीच घरं. कारण रेषा झिजतात त्या कष्टकऱ्यांच्या.

ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं केंद्राने राज्यांना २०१७ मध्येच कळवलंय. तेव्हा "मशीन घेत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. विचारा, "बरं, मग दुसरी सोय काय?" ती सोय देणं मशीनचं नाही, माणसाचं काम आहे.